रडणारं क्राऊन

१

पिनियनचा एक दाता तुटला होता, पण तुटताना तो एकटा गेला नव्हता. पारनेरच्या अलीकडच्या वळणावर कांद्याने भरलेला टेम्पो उलटवून तो कारभारी औटी नावाच्या ड्रायव्हरलाही सोबत घेऊन गेला होता.

आता ते पिनियन, मुठीत मावेल असं दातेरी चाक, नागापूर एमआयडीसीतल्या ‘त्रिदल गिअर्स’च्या ऑफिसात, जुन्या वर्तमानपत्रावर, चहाच्या कपाशेजारी पडलं होतं. बाजूला त्याचं क्राऊन, म्हणजे टेम्पोच्या मागच्या ॲक्सलमध्ये बसणारं ताटाएवढं दातेरी चाक. पिनियन क्राऊनला फिरवतं आणि क्राऊन गाडीच्या चाकांना. या दोघांचे दाते सरळ नसतात, कोयत्याच्या पात्यासारखे वाकडे असतात, म्हणून ते एकमेकांत हळूच शिरतात आणि हळूच सुटतात. निदान तसं व्हायला हवं.

लीना खिस्ती खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांना उठावंसं वाटत नव्हतं. अर्धं आयुष्य गिअरच्या कारखान्यात घालवून त्यांनी डावा कान जवळजवळ गमावला होता. उरलेलं आयुष्य विमा कंपनीची सर्व्हेअर म्हणून जळकी गोदामं आणि उलटलेल्या गाड्या बघण्यात चाललं होतं. यंदा हे काम सोडायचं, असं त्या दर वर्षी म्हणत, आणि दर वर्षी कुणीतरी नवी मोडतोड समोर आणून ठेवी.

“उघड आहे सगळं,” कारखान्याचे तरुण मालक धवल मुळे म्हणाले. “पोलाद तपासलं, उत्तम. हार्डनेस बरोबर. जोडीचा नंबर दोन्ही भागांवर एकच कोरलेला. मग राहिलं काय? दात्याला दाता कुठे टेकतो, तो ठसा. तो तपासते सायली भिंगारदिवे. तिने न बघता ओके केलं. मी उद्या तिच्यावर पोलिसांत तक्रार देतोय. तुमचा रिपोर्ट त्याआधी मिळाला तर बरं होईल.”

“एवढी घाई?”

“माणूस मेलाय मॅडम.”

ते तर खरंच होतं. पण लीनाताईंनी हे वाक्य इतक्या टेबलांवर ऐकलं होतं की त्यांना पुढचं पाठ होतं. माणूस मेला की आधी सगळ्यांत खालच्या पायरीवर कोण बसलंय ते बघायचं, आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांना त्या पोरीची कीव आली नाही, फक्त कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्याची थोडी लाजही वाटली.

त्यांनी क्राऊन खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवलं. दात्याला दोन अंगं असतात. गाडी पुढे ओढताना पुढचं अंग काम करतं. ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की मागचं. मागच्या अंगावर घासल्याची खूण मधोमध होती, जिथे असायला हवी तिथेच. पुढच्या अंगावर मात्र ती पार बाहेरच्या कडेला सरकली होती. सगळा भार त्या कडेने सोसला होता.

मग त्यांनी काडीला कापूस गुंडाळला आणि क्राऊनच्या एका बोल्टच्या भोकात, आट्यांच्या तळाशी फिरवला. कापूस तेलाने काळा होऊन बाहेर आला. काळ्यात एक लाल रेघ होती.

“गंज असेल,” धवल म्हणाले.

लीनाताईंनी तो कापूस रुमालात बांधला. गंज असा लाल नसतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

२

रतनबाईंच्या हाताला प्लास्टर होतं. अपघाताच्या वेळी त्या नवऱ्याच्या, कारभारी औटींच्या, शेजारीच बसल्या होत्या. बाजाराला दोघं नेहमी जोडीने जायचे.

“चढाला आवाज लई वाढला,” त्या सांगत होत्या. “मग कडाक केलं काईतरी. हे म्हनले, वर पोचलो की बघू. उतार लागला आन् मागची चाकं जागच्या जागी धरली. पुढचं मला सांगाया येत न्हाई.”

लीनाताईंनी मान हलवली. दाता चढावर तुटला, तुकडा खाली पडून राहिला आणि उतारावर नेमका दोन दातेरी चाकांच्या मध्ये अडकला. इतकं त्यांना मोडके तुकडे बघूनच कळलं होतं.

“आवाज वाढला म्हणालात. म्हणजे आधीपासून होता?”

“दिवाळीच्या आधी नवं क्राऊन टाकलं, त्या दिसापासनं रडायचं. रेस दिली की रडायचं, पाय काढला की गप. हे म्हनायचे, नवं हाय, रुळंल. मी म्हनलं, नवी सून बी इतकं रडत न्हाई.” रतनबाई हसल्या आणि तशाच हसता हसता पदर तोंडाला लावून बसल्या.

अशा वेळी काय बोलायचं हे इतक्या वर्षांत लीनाताईंना कळलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात हिशोब जुळवला. जास्त माल भरून दाता तुटू शकतो, पण रिकामी गाडी पहिल्या दिवसापासून रडत नाही. बसवणाऱ्या मिस्त्रीने चूक केली असती तर पिनियन जागेवरून हललं असतं आणि ठसा दोन्ही अंगांवर सरकला असता. इथे तो एकाच अंगावर सरकला होता. ही जोडी कारखान्यातून रडतच बाहेर पडली होती.

“कुनाची चूक हाय, बाई?” रतनबाईंनी विचारलं. “गावात म्हनत्यात, ह्यांनीच माल जादा भरला. मेल्या मानसाला बोल लावत्यात.”

रिपोर्ट लिहून होईपर्यंत कुणाला अवाक्षर सांगायचं नाही, हा लीनाताईंचा जुना नियम होता.

“त्यांची चूक नाही,” त्या म्हणाल्या. “एवढं मी तुम्हाला आजच सांगते.”

“मंग कुनाची?”

ते अजून शोधायचं होतं. आणि उद्या सकाळी एका मुलीविरुद्ध तक्रार जाणार होती.

३

सायलीच्या घरी दार तिच्या आईने उघडलं. भागिरथीबाईंनी पाहुणीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, जणू पोलिसच आले होते.

“मी बघितलं तेव्हा जोडी बरोबर होती,” सायली म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज स्वच्छ होता. “मला कामावरून काढा, काहीही करा. पण मी न बघता ओके केलं असं मी म्हणणार नाही.”

“तुला म्हणायला लावायला मी आले नाही. कसं बघतेस तेवढं सांग.”

सायलीने सांगितलं. दात्यांना पिवळा रंग लावायचा, क्राऊनला थोडा ब्रेक धरून पिनियन फिरवायचं. दाते जिथे टेकतात तिथला रंग दबतो आणि ठसा उमटतो. तो सेलोटेपने उचलायचा आणि कार्डावर चिकटवायचा. कार्डं कारखान्यातच राहतात, पण तिला प्रत्येक ठशाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायची सवय होती. तिने अपघातातल्या जोडीचा फोटो पुढे धरला.

दोन्ही अंगांवर ठसा मधोमध होता.

लीनाताई त्या फोटोकडे बघत राहिल्या. फोटो खोटा वाटत नव्हता आणि मोडकं क्राऊन तर खोटं बोलूच शकत नव्हतं. दोन्ही खरं असेल तर एकच गोष्ट उरते. सायलीने तपासलेली जोडी आणि टेम्पोत बसलेली जोडी एक नव्हती.

“नंबर कोण घालतं?”

“तपासलं की मी मार्करने लिहिते, दोन्ही भागांवर. मग तारेने जोडी बांधून टाकते. लॅपिंगला पिनियन आणि क्राऊन एकमेकांवरच घासून घेतलेलं असतं ना, ते एकमेकांचेच झालेले असतात. दुसऱ्याशी पटत नाही त्यांचं. पक्का नंबर इलेक्ट्रिक पेन्सिलने नंतर कोरतात.”

“या लॉटचा कोणी कोरला?”

“माहीत नाही. मी नागपूरला होते.”

“दसऱ्याला दर साली जातो आमी दीक्षाभूमीला,” भागिरथीबाई पहिल्यांदाच बोलल्या. “खंडेनवमीच्या दुपारीच निघालो. आता कारखान्यात कुनी म्हनतं, पूजेला थांबली न्हाई म्हनून कोप झाला. माझ्या लेकीनं पूजेची वस्तू पायानं सारली का काय?”

लीनाताईंना शरमल्यासारखं झालं. त्यांनी पाण्याचा पेला उगाच पुन्हा उचलला. लाल रेघेचा अर्थ त्यांना आता लागला होता. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची, हत्यारांची पूजा होते, हळद-कुंकू वाहतात, आणि दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही.

“म्हणजे तू निघालीस तेव्हा जोड्यांवर फक्त मार्करचे नंबर होते?”

“हो. परत आले तेव्हा सगळ्या जोड्या कोरून, बांधून स्टोअरमध्ये लागलेल्या होत्या. मी पॅकिंगला पाठवल्या.”

“बांधलेल्या होत्या. तूच बांधलेल्या?”



“तारेकडे कोण बघतं, मॅडम,” सायली हळूच म्हणाली.

४

स्टोअरचे प्रमुख राधाकृष्ण गरज नसताना घाम पुसत होते.

“पूजा झाली की, रीतीप्रमाणे. मनवावहिनींनी, म्हणजे मालकांच्या मिसेसनी आरास काय केली होती! क्राऊनं गोल मांडली, प्रत्येकात दिवा, आणि मधे पिनियनं उभी, कलशासारखी. सगळ्यांनी फोटो काढले.”

“म्हणजे बांधलेल्या जोड्या सोडल्या.”

“सोडल्या असतील. मी प्रसादाचं बघत होतो.”

“पण मार्करचे नंबर होते त्यांच्यावर. परत जुळवता आल्या असत्या.” लीनाताईंनी रुमालातला कापूस टेबलावर ठेवला. “कुंकू फक्त भोकात राहिलंय, बाकी कुठेच नाही. कुणीतरी सगळा माल डिझेलने धुतलाय. डिझेलने कुंकू जातं आणि मार्करही जातो. धुतला कशाला, राधाकृष्ण?”

“गेल्या साली एका गिऱ्हाईकाने कुंकवाचे डाग बघून माल परत पाठवला. गंज आहे म्हणाला. साहेब भडकले. पुन्हा असं झालं तर विकायच्या मालाची पूजाच बंद, म्हणाले.” ते थांबले. “यंदा धुतलं असेल कुणीतरी.”

“स्टोअरची किल्ली तुमच्याकडे असते.”

“दसऱ्याला मी घरी सोनं वाटत होतो,” राधाकृष्ण म्हणाले. किल्ली त्यांनी नियम मोडून दुसऱ्याला दिली होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर पाटी लावल्यासारखं दिसत होतं. पण कोणाला दिली हे विचारायच्या आत मधेच चहा आला.

चहा आणणारे गहिनीनाथ होते. लॅपिंग मशीनवरचे सगळ्यांत जुने कामगार. दसऱ्याच्या मुहूर्तावर कारखान्यातलं पहिलं हत्यार उचलायचा मान त्यांचा. त्यांच्या हातून गेलेली जोडी कधी परत आली नाही, असं सगळे सांगत, आणि आपण ऐकलं नाही असं गहिनीनाथ दाखवत. त्यांनी कप पुढे केला.

“डावा हात हाय, मॅडम, राग मानू नका. जल्मापासनं तसाच हाय. कुंकू वाह्यचं तरी दुसऱ्याला सांगावं लागतं.”

“चहाला हात कळत नाही,” लीनाताई म्हणाल्या आणि कप घेतला. चहा गोड होता.

गहिनीनाथ जाता जाता दारात थांबले.

“पोरीची चूक न्हाई, मॅडम.”

“मग कोणाची?”

म्हाताऱ्याने रिकाम्या ट्रेकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

लीनाताईंनी कप खाली ठेवला. गुडघे दुखत असूनही त्या उठल्या आणि रॅकपाशी गेल्या. दसऱ्याच्या लॉटमधल्या थोड्या जोड्या अजून विकायच्या राहिल्या होत्या. त्यांनी त्यातली एक उचलली, मग आधीच्या लॉटमधली एक, आणि दोन्ही तारा नखाने चाचपल्या.

“राधाकृष्ण,” त्या म्हणाल्या, “सायलीला बोलवा. साहेबांना म्हणावं, ते कोपऱ्यात झाकून ठेवलेलं, गिअर तपासायचं मशीन उघडा. आणि लॅपिंगवरच्या माणसांनाही तिकडे यायला सांगा.”

५

ते मशीन प्लास्टिकच्या कव्हरखाली होतं. ट्रान्समिशन एरर मोजायचं, महागडं. धवलनी ते परदेशी मालासाठी घेतलं होतं. इथल्या टेम्पोंच्या जोड्यांना हातानं फिरवून बघणं पुरे, असा कारखान्याचा शिरस्ता होता.

“याने काय कळणार?” धवलनी विचारलं. तक्रारीचा टाइप केलेला कागद त्यांच्या खिशातून डोकावत होता.

“तुमचं मशीन आहे, तुम्हाला माहीत असायला हवं,” लीनाताई म्हणाल्या, आणि मग आपण उगाच तिखट झालो असं वाटून त्यांनी नीट सांगितलं. पिनियन अगदी एकसारखं फिरवलं तर क्राऊननेही एकसारखं फिरायला हवं. जोडी विजोड असेल तर प्रत्येक दात्याला क्राऊन कणभर मागे राहतं, कणभर पुढे जातं. डोळ्यांना ते दिसत नाही. गाडीत त्याचं रडणं होतं.

सायलीने दसऱ्याच्या लॉटमधली पहिली जोडी लावली. मागच्या अंगावर भार दिला तेव्हा पडद्यावरची रेघ जवळपास सरळ आली. मग पुढच्या अंगावर भार दिला. रेघ करवतीच्या दात्यांसारखी झाली आणि मशीनमधून बारीक, लांब रडणं ऐकू आलं. लीनाताईंनी उजवा कान तिकडे केला. हे रडणं रतनबाईंनी रोज ऐकलं होतं.

दुसरी जोडीही तशीच रडली आणि तिसरीही.

“आता पिनियनं बदल,” लीनाताई म्हणाल्या. “तुझ्या फोटोतले ठसे बघ आणि सारखे दिसतील तसे लाव.”

याला बराच वेळ गेला. बघणाऱ्यांचे पाय दुखले, कुणी भिंतीला टेकलं, धवल घड्याळ बघू लागले. सायली लावायची, काढायची, दात्यांना पिवळं फासायची, पुसायची. शेवटी एका क्राऊनवर तिने भलत्याच नंबरचं पिनियन चढवलं आणि पुढच्या अंगावर भार दिला. रेघ सरळ राहिली. रडणं आलंच नाही.

सायली तशीच उभी राहिली. तिच्या बोटांना पिवळा रंग लागला होता.

“नंबर वेगळे,” लीनाताई म्हणाल्या, “आणि जोडी खरी. नंबर सारखे, तिथे जोडी खोटी. नंबर कोरण्याआधीच जोड्या मिसळल्या होत्या. मिसळल्या, अंदाजाने जुळवल्या, आणि त्या अंदाजावर पक्का नंबर कोरला.”

“तरी सायलीनेच मिसळल्या नसतील कशावरून?” धवल म्हणाले.

“दोन जोड्या घ्या हातात. ही आधीच्या लॉटची, ही दसऱ्याची. तारेचा पीळ बघा.”

धवलनी बघितलं. आधीच्या लॉटमधल्या तारेचा पीळ उजवीकडे वळला होता. दसऱ्याच्या जोडीवरचा डावीकडे.

लीनाताईंनी सायलीला पक्कड आणि तार दिली. सायलीने जोडी बांधली. पीळ उजवीकडे. राधाकृष्णांना दिली. त्यांचाही पीळ उजवीकडेच आला.

“उजव्या हाताचा माणूस पक्कड एका बाजूला फिरवतो,” लीनाताई म्हणाल्या. “डावखुरा उलट्या.” त्यांनी मागे वळून पाहिलं. लॅपिंगवरची माणसं अर्धवर्तुळात उभी होती. गहिनीनाथ सगळ्यांच्या मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून. “गहिनीनाथ, तुम्ही एक जोडी बांधता का?”

त्यांनी हात पुढे केले नाहीत.

“कशाला बांधाया लावता,” ते म्हणाले. “माझाच हाय तो पीळ.”

६

गहिनीनाथ स्वतःच बोलायला लागले, आणि एकदा सुरुवात केल्यावर ते थांबले नाहीत.

“दसऱ्याला मुहूर्ताला मी एकलाच हुतो. राधाकृष्णांनी किल्ली दिल्ती. म्हनलं, डाग राहिला तर साहेब पूजा बंद करतील. इतक्या सालाची पूजा, ती माझ्या डोळ्यादेखत बंद नको. म्हनून समदं डिझेलनं धुतलं. धुतल्यावर बघतो तर नंबर गेलेले. म्हनलं, आपल्याच हातनं लॅप केल्यात, आपल्याला वळखू येतील. एकेक हातावर फिरवून जुळवल्या. जी गुळगुळीत फिरली ती जोडी म्हनून नंबर कोरला, तारेनं बांधली. हाताला समजलं असं वाटलं, मॅडम.”

“हातावर फिरवताना भार नसतो,” लीनाताई म्हणाल्या. “भार नसला की कुणाचंही कुणाशी जमतं.”

सायली म्हाताऱ्याच्या समोर येऊन उभी राहिली.

“काका, माझ्या मोबाईलवर सगळे फोटो होते. एक फोन करायचा होतात. तिथनं सांगितलं असतं मी, कोणतं कुणाचं ते.”

“तू नागपूरला गेल्ती. म्हनलं, सणाच्या दिशी पोरीला कशाला तरास.”

“आणि नंतर? माणूस गेल्यावर? साहेब माझ्यावर तक्रार टाइप करत होते तेव्हा?”

पोरीची चूक नाही, एवढं गहिनीनाथांनी प्रत्येकाला सांगितलं होतं आणि पुढचं वाक्य दर वेळी गिळलं होतं. ज्या माणसाची जोडी कधी परत आली नाही त्याला ते वाक्य फार जड झालं असावं. लीनाताईंना त्यांचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही सांभाळायला अंगात जोर नव्हता.

धवलनी खिशातला कागद काढला, सायलीकडे न बघता चार तुकडे केले आणि लीनाताईंना बाजूला नेलं.

“तिचं मिटलं. आता एक विनंती. रिपोर्टमध्ये ह्या एकाच जोडीचं लिहा. लॉटमधल्या बाकी बऱ्याच विकल्या गेल्यात. मी त्या हळूहळू, आवाज न करता परत मागवतो.”

“आवाज त्या करतायत,” लीनाताई म्हणाल्या. “विकल्या गेल्यात म्हणजे रस्त्यावर आहेत, मुळेसाहेब. कुठल्या तरी चढावर, कुणाच्या तरी बायकोला शेजारी बसवून. रिपोर्टमध्ये सगळं येईल. धुणं, कोरणं, किल्ली, आणि कव्हरखाली झाकलेलं हे मशीनही. ते उघडलं असतंत तर पहिल्याच जोडीला कळलं असतं.”

धवलनी राधाकृष्णांना हाक मारली.

कुठल्या दुकानात माल गेला ते राधाकृष्णांना तोंडपाठ होतं. दुकानदारांना विचारून गाड्यांचे मालक सापडत गेले. राधाकृष्ण नंबर सांगत होते, सायली फोन लावत होती. पहिला फोन लागला तसा गहिनीनाथांनी हात पुढे केला.

“मी बोलतो.” मग लीनाताईंकडे बघून, हळू आवाजात, “त्या बाईकडं जाऊन सांगू का मी? रतनबाईकडं?”

“जा. तिच्या नवऱ्याला गावात बोल लावतायत. तुम्हीच जाऊन सांगायला हवं. पण आधी हे फोन.”

पहिल्या मालकाची गाडी गॅरेजला उभी होती. दुसरा म्हणाला, बसवलंच नाही अजून. तिसरा फोन शेवगावचा होता. बराच वेळ वाजला, मग कुणीतरी ओरडून बोललं. सायलीने स्पीकर चालू केला.

“तुमच्या टेम्पोत नवं क्राऊन टाकलंय,” गहिनीनाथांनी विचारलं. “रेस दिली की रडतं का?”

“व्हय. पहिल्या दिसापासनं. पाय काढला की गप. मिस्त्री म्हनला, रुळंल. तुमाला कसं ठावं?”

गहिनीनाथांनी डाव्या हातातला फोन तोंडाजवळ नेला. सायलीने खालून हात लावून तो धरला.

“मीच बांधली ती जोडी. चुकीची बांधली. गाडी हाय तिथं उभी करा, भाऊ. आत्ता. घरी न्यायची न्हाई, मार्केटला न्यायची न्हाई. आमी तिथं येतो.”

“माल भरलाय माझा. कोन बोलतंय?”

“गहिनीनाथ आव्हाड. नागापूरवरनं. त्या क्राऊननं पारनेरला एक मानूस गेलाय. माझ्यामुळं गेलाय. उभी करा.”

पलीकडून चालत्या टेम्पोचा आवाज येत होता आणि त्याच्या आत, बारीक, ते रडणं. लीनाताईंनी उजवा कान फोनजवळ नेला आणि डोळे मिटले. रडणं जरा वेळ तसंच चालू राहिलं.

मग ड्रायव्हरने पाय काढला.